टाकीतले तीळ

मुलांनो, अशी कल्पना करा, की संक्रांत नुकतीच झाली आहे आणि अमडापुरात सत्तार मिस्त्रीच्या दुकानात, बाकड्यावर द्वारकेशेजारी तुम्हीही बसला आहात. तिच्या बाबांची, इंद्रभानरावांची, जुनी फटफटी बंद पडली आहे आणि मिस्त्रीने तिचा कार्ब्युरेटर धुवायला खोलला आहे.

"इंद्रभानभाऊ, हे पाहा. पेट्रोलच्या वाटेत तीळ अडकले."

"टाकीत तीळ कसे येतीन, सत्तारभाई?"

"गुळाचा गाळही हाय. कोणीतरी लाडूच टाकला."

"पुंजाजी, दुसरं कोण? शेताच्या धुऱ्याचं भांडण मिटवाले संक्रांतीले घरी आला, गोड बोलला अन् जाता जाता हे करून गेला."

"तुम्ही पाह्यलं काय?"

"पाहाले काऊन पाह्यजे? आत्ताच जातो अन् चार लोकायसमोर त्याची अब्रू काढतो."

"थांबा ना. पॅकिंगही फाटलं. नवं कापून बसवतो, मंग फटफटीवरच जा."

"भांडाले पायी बी जाता येते."

द्वारकेचे कान तापले होते. मान खाली घालून ती परकराचा काठ बोटाला गुंडाळत होती. बाबांनी चपला घातल्या तशी ती उठली, दारात आडवी उभी राहिली आणि जमिनीकडे पाहत म्हणाली, "बाबा, साऱ्यायले तिळगूळ देल्ला, फटफटीलेच नोता देल्ला. म्हणून मीनं चारला."