आबांसाठी घेतलेला कोट

थांबा! टाळ खाली ठेवा जरा. मंडळी, मला आधी एक सांगा — आपण माणसाला वस्तू देतो, ती कुणासाठी देतो? घेणाऱ्यासाठी? का बघणाऱ्यांसाठी? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही ना येत? मग ऐका.

पठारावरचं गाव. वारा असा, की बोलावं शेजाऱ्याशी आणि ऐकू यावं तिसऱ्याच आळीला! त्या गावात हिंदुराव नावाचा गृहस्थ. वाईट होता का? छे हो! तुमच्या-माझ्यासारखाच. त्याचे वडील जोतिराम, गाव त्यांना आबा म्हणायचं. पंच्याहत्तरी उलटलेली, तरी म्हशी घेऊन रोज माळावर. गेल्या हिवाळ्यात आबांची छाती भरली, मरता मरता वाचले. डॉक्टरांनी हिंदुरावाला बजावलं, "पुढच्या थंडीत म्हाताऱ्याच्या छातीला वारं लागू देऊ नका. परत झालं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

पोरगा घाबरला. बापावर जीव होता त्याचा! दिवाळी सरली तसा तालुक्याला गेला, कोट घ्यायला. दुकानदार जाणता माणूस. म्हणाला, "आबा दिवसभर असतात कुठं?"

"माळावर, म्हशींमागं."

"मग हा न्या." जाडजूड कोट काढला त्यानं! आत लोकर, गळ्यापर्यंत चेन, कानावर टोपी. पण रंग? शेणाचा!

हिंदुरावानं नाक मुरडलं. "ह्यात आबा वॉचमन दिसत्याल हो. पुढल्या महिन्यात पोरीचा साखरपुडा हाय. व्याही काय म्हनतील?"

आणि नजर गेली दुसऱ्यावर. निळाशार! दोन चकचकीत बटणं, गळा खाली पोटापर्यंत उघडा — साहेब घालतात तसला. भाव दोन्हींचा एकच, म्हणजे चिकटपणाचाही प्रश्न नाही! दुकानदार म्हणाला, "दादा, ह्यात छाती उघडी राहते."

"राहू दे. दिसतोय बघा कसा!"

हसताय? हसा, हसा! मागच्या लग्नात कुणी कुणाला काय नेसवलं, ते ह्या बुवाला ठाऊक आहे!

आबांनी कोट घातला. आरशात बघितलं, लाजले बिचारे. "माझ्यासाठी आनलास व्हय रं?" डोळ्यांत पाणी म्हाताऱ्याच्या. आणि घोंगडं उचलून खांद्यावर टाकायला गेले, तोच हिंदुराव ओरडला, "आबा! त्येच्यावर घोंगडं नको! कोट चुरगळतोय. साखरपुड्याला लागनार हाय."

एवढंच बोलला. आबांनी घोंगडं खाली ठेवलं.

मार्गशीर्षात वारं सुटलं. आबा रोज माळावर, अंगात निळा कोट. संध्याकाळी हिंदुराव विचारायचा — विचारायचा बरं का, विसरला नव्हता! "आबा, ऊब हाय न्हवं?"

"लई! घाम फुटतोय बघ."

"आनि खोकताय कशापायी?"

"धूळ गेली घशात."

हिंदुराव खूश. बायकोला सांगतो, "बघ, माझी पारख!"

साखरपुडा झाला, झोकात झाला. व्याही म्हणाले, "आबा म्हणजे कलेक्टर दिसतात!" हिंदुरावाची मान ताठ. फोटोत आबा मधोमध, ओठ निळे. पण फोटोत कोट किती छान आलाय, एवढंच सगळ्यांनी बघितलं.

पाचव्या दिवशी आबा अंथरुणाला खिळले. डॉक्टर आले, छातीला नळी लावून ऐकलं आणि हिंदुरावाकडं बघून नुसती मान हलवली. आठव्या दिवशी आबा गेले. विठ्ठल, विठ्ठल! आणि मग कापड घालायला पाहुणे आले. शाली काय, उपरणी काय, अंगावर ढीग लागला! गार पडलेल्या माणसाला शाली!

तेरावा झाला. म्हशींना काय सुतक असतं? त्या ओरडतात. हिंदुराव निघाला माळावर. खुंटीवर कोट होता, तोच अंगात घातला. आबा म्हशी राखत उभे राहायचे त्या खडकापाशी पोचला, आणि आलं वारं! त्यानं एक बटण लावलं. दुसरं लावलं. कॉलर ओढून धरली. वारं सरळ छातीत! पाठीतून बाहेर! तरणाताठा गडी, अर्ध्या तासात दात वाजायला लागले. आबा तिथं दिवसच्या दिवस उभे होते, मंडळी!

तसाच खाली बसला. "आबा," म्हणाला, "घाम फुटतोय म्हनला व्हता की तुमी! खोटं का बोलला?" कोण सांगणार? म्हशी चरत होत्या. हिंदुराव लहान लेकरासारखा रडत होता, आणि वाऱ्यात ते त्याचं त्यालाही ऐकू येईना.

बापानं खोटं का बोलावं? अहो, पोराची हौस मोडू नये म्हणून! दुसरं काय?

तेव्हा आज कीर्तन उठलं, की घरी जा. आणि म्हाताऱ्याला, म्हातारीला "थंडी वाजते का?" असं विचारू नका. "नाही" म्हणतील. मेली तरी "नाही"च म्हणतील! विचारू नका. जवळ बसा, आणि पाठीला हात लावून बघा.