इंग्रजाला जाऊ द्या

निर्माता : स्पष्ट सांगतो बाई, या महिन्यात स्वातंत्र्य परवडणार नाही.

लेखिका : शेठ, तारीख इतिहासात ठरलेली आहे. मी नाही ठरवली.

निर्माता : इतिहासाला टीआरपी नव्हता. चॅनल म्हणतं, लोकांना पारतंत्र्य आवडतंय. चालू गाडीला खीळ कशाला घालायची?

लेखिका : आपल्या मालिकेत सत्तेचाळीसचा एप्रिल लागला तेव्हा माझा भाचा बालवाडीत होता. आता पाढे म्हणतो. एप्रिल काही संपत नाही.

निर्माता : मग मे आणा. ऊन दाखवा, घाम दाखवा. पण गोरा कलेक्टर बंगल्यातून हलता कामा नये. अर्धे लोक त्याला शिव्या द्यायलाच टीव्ही लावतात. हवं तर विचारा, साहेब बसलेत की समोर मेकअपला.

नट : मला विचारताय? शेठ, अख्ख्या युनिटमध्ये इंग्रजांनी जावं असं मनापासून वाटणारा मी एकटाच आहे. आणि इंग्रज मीच.

निर्माता : काय कमी पडलं रे तुला? आधी तू मालिकांमध्ये प्रेतं व्हायचास. आता रस्त्यात लोक ओळखतात.

नट : ओळखतात ना. भाजीवाली 'चले जाव' म्हणते आणि वर नासके टोमॅटो गळ्यात मारते.

निर्माता : यालाच प्रसिद्धी म्हणतात! बाई, माझ्याकडे एक कल्पना आहे. साहेब घोड्यावरून पडतात आणि त्यांची स्मृती जाते. आपण इंग्रज आहोत हेच विसरतात. मग जातीलच कशाला?

लेखिका : वा! आणि विलायतेहून कुणी न्यायला आलं तर?

निर्माता : येतो ना. जुळा भाऊ. तोही हाच करेल.

नट : शेठ, स्मृतीची थट्टा नको.

निर्माता : का? तुला काय झोंबलं?

नट : माझी आई सध्या तेच करतेय घरी.

लेखिका : अहो, कधीपासून? बोलला नाहीत ते.

नट : वर्ष होत आलं. कालचं आठवत नाही, लहानपणचं मात्र लख्ख. घरात गोरा अंमलदार शिरला होता. तिच्या थोरल्या भावाला धरून नेलं. मामा परत आलाच नाही. आणि आता ही सोनेरी मिशी अन् रंगवलेले केस घेऊन रोज मी घरी जातो. ती भिंतीला चिकटून बसते. माझ्या हातचं पाणी पीत नाही.

लेखिका : आवाज तरी ओळखत असतील?

नट : आवाजानंच तर घात केला. दिवसभर इथं 'टुमचा गाव', 'टुमचा बायको' करायचं. परवा ती जरा शांत होती. जवळ गेलो आणि तोंडातून निघालं, 'काय झाला, आई?' झाला! सख्ख्या आईशी! किंचाळलीच ती. बहिणीला म्हणाली, यानं माझ्या मुलालाही नेलं गं.

निर्माता : अरे, मग मिशी काढून जात जा की घरी.

नट : काढू नये असं करारात तुम्हीच घातलंय. चिकटवलेली जवळून दिसते म्हणून.

निर्माता : बरं, आठवडाभर सुट्टी घे.

नट : मिशीसकट?

लेखिका : शेठ, साहेबांच्या जाण्याचा प्रसंग मी आजच लिहिते.

निर्माता : लिहा. चॅनल केराच्या टोपलीत टाकेल. काय रे, डॉक्टर काय म्हणतात?

नट : फार दिवस नाहीत म्हणतात. डॉक्टरांकडे चॅनलसारखं पुढे ढकलता येत नाही.

(नट टेबलावरचा वस्तरा उचलून आरशाकडे वळतो.)

निर्माता : अरे ए! ठेव तो खाली! संध्याकाळी क्लोजअप आहे! बाई, धरा त्याला!

लेखिका : मी कशी धरू? परका पुरुष, त्यात इंग्रज.

निर्माता : गेली! अर्धी गेली! अर्ध्या मिशीच्या कलेक्टरला कोण घाबरणार?

नट : थांबा, उरलेलीलाही कुणी घाबरायला नको.

निर्माता : बुडालो मी. आता चॅनलला काय तोंड दाखवू?

लेखिका : तोंड कशाला, पाठ दाखवू. कलेक्टर बंगल्यातून निघतो, फाटकाबाहेर चालत जातो, मागे वळून बघत नाही. पाठमोऱ्या माणसाला मिशी लागत नाही.

निर्माता : आणि संवाद?

लेखिका : इतकी वर्षं तोच तर बोलत होता.

निर्माता : हं. मग पाठमोरा हाच हवा असंही नाही. कुणालाही हॅट घालून चालवता येईल. जा रे तू. केसही काळे करून जा. बघतो मी चॅनलचं. सांगतो, इंग्रज न विचारता निघून गेले.

लेखिका : आले तेव्हा तरी कुठं विचारलं होतं?

निर्माता : तुमची जीभ ना बाई, संवादात वापरा. मी फोन लावायला जातो बाहेर. इथं उभं राहवत नाही मला.

नट : गेले वाटतं. बाई, बघा हो, कसा दिसतोय?

लेखिका : वरचा ओठ पांढराफटक पडलाय. बाकी माणसात आलात.

नट : आणि तिनं तरीही नाही ओळखलं तर?

लेखिका : तर नुसते जवळ बसा. निदान घाबरणार तरी नाहीत त्या.