मोठी अक्षरं

मांडीवर झोपलेल्या लेकीला थोपटत ती दुरुस्तीच्या दुकानात बाकावर बसली होती. तिच्या आधी एका आजोबांचा नंबर होता. त्यांचा लॅपटॉप सुरूच होत नव्हता; दुकानातली तरुणी तो तपासत होती.

"काळजी नको, काका. कंपनीने आतच दुरुस्तीची सोय दिलेली असते. सगळं नव्याने बसवते. तुमचे फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतील."

"आणि पडद्यावरची मोठी अक्षरं?"

"ती जातील. काकूंना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे."

"तिनेच तर केली होती. आता ती नाही गं."

"मग मी करून देते ना."

"तू अंदाजाने करशील. तिने माझा चष्मा काढून घेतला, खुर्चीत बसवलं आणि 'आता दिसतंय? आता?' करत वाढवत नेली. शेवटी म्हणाली, आता काय भिंतीवर लिहू?"

"थांबा. नव्याने नको बसवायला. बिघडायच्या आधीची स्थिती यात जपलेली असेल, तर मांडणीसकट तिथवर मागे नेता येतं."

"नसली तर?"

"तर चष्मा काढून इथे बसा. मी विचारत बसेन."

बऱ्याच वेळाने पडदा उजळला. बाकावरूनही त्या आईला अक्षरं सहज वाचता आली.

"दिसतंय, काका?"

"थांब, चष्मा काढू दे."