आठ पानी नियमावली

सुरक्षेच्या बाबतीत मी किती कट्टर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परदेशातून शिकून आलो आणि इथल्या एका इलेक्ट्रिकल कंपनीत इंटर्न झालो, तेव्हाचं सांगतो. कागलच्या एका कारखान्यात वीज बंद करून आमचा वायरमन आत केबल जोडत होता. बाहेर कुणी मेन स्विच चालू केला असता, तर तो गेलाच असता. मी आठ पानी नियमावली लिहून नेली होती. फोरमन तात्यांनी ती चाळली.

"झकास हाय. स्विचपाशी हुबं ऱ्हावा आणि येईल त्याला वाचून दाखवा."

थोड्या वेळात मालकच आले. "लाईट सोडा की! मशिनी बंद हाईत."

मी पहिल्या कलमापासून सुरुवात केली.

तिसऱ्या पानावर त्यांनी हात जोडले. "पावणं, लाईट दिवसभर बंद ठेवा, पण वाचायचं तेवढं थांबवा."