एकतिसावी सही

माझ्या छोट्या ओवीच्या लसीसाठी मी उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात बसले होते. शेजारी एक मावशी, गळ्यात बारीक क्रूस. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन तिथंच आले.

"एस्तेरमावशी, तुमचीच सही राहिली. पुंजारामनं पाण्याची मोटार चालू ठेवली, टाकी तासभर वाहिली. वॉचमन बदलायचा ठराव आहे."

"मी शेंद्र्याला लेकीकडं होते, आज कळतंय. पाहिलं कुणी?"

"तीस सह्या आहेत!"

"तीसही जणांनी पाहिलं?"

"सगळ्यांचं एकमत आहे. तुमच्या एकटीपायी अडलंय."

"केशवराव, वर गेल्यावर देव सोसायटीची मीटिंग घेत नाही. एकेकाला बोलवून विचारतो."

"मग सांगा त्याला, सेक्रेटरीनं लई आग्रह केला."

"तो म्हणेल, तुला नाही म्हणायची मोकळीक मीच दिली होती ना?"

"मग मोटार चालू ठेवली कुणी?"

"मी. बटण दाबलं अन् लेकीकडं जायला रिक्षात बसले."

"तुम्ही? अहो, तीस जणांनी पुंजारामला पाहिलंय!"

"मोटार मीच चालू ठेवली, असं लिहून देते. करू सही?"

"राहू द्या. वॉचमन बदलता येतो, मावशी. तुम्हाला कसं बदलायचं?"

"म्हणजे पुंजाराम राहिला?"

"राहिला. पण मोटारीचं बटण आता फक्त त्याच्याकडं."