प्रभूसंग भांडणारी सलोमी मावशी

पाळकसाहेब, एस्तेर, मंडळीतल्या बायांनो आणि माह्या सिहोऱ्याच्या गाववाल्यांनो,

मले माईकवर बोलायची सवय नाही. धानाच्या बांधीत रोवणा करताना माहा आवाज सगळ्यात मोठा. पण हे बांधी नाही. एस्तेर म्हणाली, "वहिनी, आईबद्दल तुम्हीच बोला." तिले नाही कसं म्हणू? म्हणून उभी राहिली.

सलोमी मावशी माही शेजारीण. दोघींच्या आंगणात मधात एक कुंपण, तेही नावाले. नाताळात तिच्या दारावर बांबूचा तारा लागे, आन गावातले सारे पोरं त्याले कागद चिकटवाले जमत. दिवाळीत माह्या करंज्या तिकडे, नाताळात तिच्या इकडे. कोणाच्या चांगल्या? आज खरं सांगते, तिच्याच. हसा, हसा. तिले हसणं आवडे.

रोज दिवेलागणीले ती आंगणात बाज टाकून प्रार्थना करे. मोठ्यानं. घरच्या माणसासंग बोलावं तशी. "प्रभू, धानाचे पऱ्हे पिवळे पडून राहिले, पाहून राहिला ना?" मी भाताचं आंधण ठेवता ठेवता ऐकत राहायची. किती वर्षं ऐकलं, त्याचा हिशेब नाही.

मंग कोरोना आला. माह्या मालकाले, माह्या नवऱ्याले, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मले अंदर जाऊ देत नव्हते. घरी आली तं माह्या आंगणात कोणी पाय ठेवेना. मावशी कुंपणाच्या त्या बाजूले उभी राहे. म्हणे, "बाई, तू जेव. प्रभूजवळ मागायचं काम मी करून राहिली ना." आन मागे. मालकाचं नाव घेऊन मागे. मले वाटे, एवढ्या हक्कानं मागणाऱ्या बाईले तो नाही कसा म्हणेल?

तो नाही म्हणाला. मालक घरी आले नाही.

मी कुंपणाजवळ जाऊन ओरडली, "मावशी, तुमचा देव काय करून राहिला होता?" मले वाटलं, आता ही समजावेल. त्याची मर्जी, असं काहीतरी म्हणेल. तसं काहीच म्हणली नाही. ती पण रडून राहिली होती. म्हणाली, "मी बी त्यालेच इचारून राहिली, बाई."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीले मी कान देऊन बसली. आज प्रार्थना करते का नाही? आली. बाजेवर बसली. म्हणे, "प्रभू, मी तुह्यावर लय रागावली आहो. पण जाऊ कुठं? घर तं हेच आहे."

मंडळी, मले त्या दिवशी आधार भेटला. दुःख गेलं नाही, ते आजही आहे. पण रागावूनही जिथं जाता येते, जिथून कोणी हाकलत नाही, अशी एक जागा आहे हे समजलं. मी कुंपण ओलांडलं आन तिच्या बाजूले जाऊन बसली. तेव्हापासून रोज बसत आली. माह्या देव्हाऱ्यात दिवा लावायचा आन तिच्याकडे जायचं. दिवा काहून लावतेस, असं तिनं मले कधी विचारलं नाही.

या शेवटच्या आजारात तिचा आवाज बसला. एका संध्याकाळी माहा हात धरून हळूच म्हणाली, "आज तू कर."

"मले कुठं येते, मावशी?"

"भांडता येते ना? मंग झालं."

केली मी. जशी आली तशी, अडखळत. शेवटी तिनं ओठ हलवून आमेन म्हटलं. त्या आमेननं मले जे दिलं ते मी कोणाले सांगू शकत नाही.

काल आपण तिले माती दिली. संध्याकाळी मी एकटीच त्या बाजेवर जाऊन बसली. मंग म्हणलं, "प्रभू, आमची मावशी आली असंल तुह्याकडे. तिले उभी नको ठेवू. गुडघे लय दुखतात तिचे. आधी बसाले दे, मंग काय विचारायचं ते विचार."

चला, सारे उभे राहू. जरा वेळ शांत राहू.

मावशी, जय ख्रिस्त.