पेरू, कंदील, टोपली

नाय नाय, बदाम नाय, बदाम कुठले आमच्याकडं — बदाम आमी दिवाळीला बघतो, ते बी मिठाईवर चिकटवलेला आर्धा — तुमी लिव्हा, बाजरी. बाजरीची भाकर, मेथीची भाजी, वरनं भुईमुगाचं तेल. लिव्हलं? किती चटचट लिव्हता ओ ताई, मागल्या साली ती जाड चष्म्याची पोरगी आली व्हती, ती एका वळीला तीनदा खोडायची. बसा ना नीट. मधी नका बसू, त्या बाजेची दोरी ढिली हाय, मानूस खाली जातं, कडंला बसा. हां. तर काय म्हनत व्हते तुमचे मोठे डॉक्टर? पुन्यांदा सांगा, मला आईकायला लय गोड लागतं. आख्ख्या नाशिक तालुक्यात — आमच्या ह्या मखमलाबादच्या कालव्यावरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची डोकी समद्यात तल्लख! अकरा म्हातारे, अकराच्या अकरा हुशार! आन् ते कशानं, खान्यानं का पान्यानं का हवेनं, ते शोधायला तुमाला धाडलं. बाई बाई बाई. माझ्या सासूला आईकवायला पायजे व्हतं हे. ती मला येडी विमल म्हनायची, मरंस्तोवर म्हनायची.

काल तुमी साळूबाईकडं जाऊन आल्या ना? काय सांगितलं तिनं — लसून? रोज सकाळी अनशापोटी लसनाच्या दोन पाकळ्या? मला वाटलंच! आवो ताई, तिच्या वाफ्यात लसून हाय, म्हनून लसून. उद्या तुमी पेपरात छापलं का लसनानं डोकं चालतं, का तिचा माल बांधावरनंच उचलत्याल लोकं. गोटीरामाकडं अजून जायाचंय? तो मेथी सांगंल, त्याची मेथी हाय. बयाबाई दुधी सांगंल, तिचा मांडव दुध्यांनी वाकलाय आन् बाजारात कोन इचारीना. तुमी काय समद्यांचं लिव्हून घेनार? आमचा मातर झेंडू. झेंडू कोन खातं? नायतर मी काय मागं राहिले असते व्हय — पन थांबा, वास! दिसभर फुलं तोडायची, तो झेंडूचा उग्र वास नाकातनं सरळ डोक्यात चढतो, डोकं कसं लख्ख व्हतं — लिव्हलं? लिव्हलं बी? आवो खोडा, गंमत केली मी. तुमचे मोठे डॉक्टर उद्या समद्या नाशकाला झेंडू हुंगायला लावत्याल.

मागल्या सालच्या परिक्षेतले मार्क? मला एकोनतीस. तिसातले. साळूला एकोनतीस, गोटीरामाला एकोनतीस, समद्यांनाच एकोनतीस. एक मार्क कशाचा गेला? वाराचा ना. त्या चष्म्याच्या पोरीनं इचारलं आज वार कोनता, समद्यांनी सांगितलं मंगळवार, आन् व्हता बुधवार. अकरा जनं कसे काय चुकले म्हंजी? सोप्पं हाय, ती पोरगी येनार व्हती मंगळवारी, निरोप तसाच व्हता, पन त्या दिशी कालव्याचं पानी रस्त्यावर आलं, गाडी फिरली माघारी, आन् ती उगवली बुधवारी. आमचं आपलं मंगळवारचंच पाठ झालेलं —

च्या घेता का? गवती चहा टाकते. नको? थोडा घ्या ना. साखर बेताची टाकते. — पाठ म्हंजी, पाठ म्हंजी काय — मानूस बोलून जातं. तुमी बघता मातर लय रोखून, हां, मास्तरनीवानी. हे बघा ताई, तो पेन आधी खाली ठिवा. ठिवा. मंग सांगते. आन् कॉपी म्हनू नका, कॉपी पोरं करत्यात, बाहीमधी चिठ्ठ्या घालून. आमी अभ्यास केला. अभ्यास करायला काय बंदी हाय का तुमच्यात?

त्याचं काय झालं, साळूबाईची ननंद म्हसरुळला दिलीय. त्या पोरीनं आधी म्हसरुळची म्हातारी मानसं तपासली, मंग आठ दिसांनी आमची बारी. आन् प्रश्न तेच! आता तुमीच सांगा, चूक कोनाची, पेपर बदलायला नको? ती ननंद शुक्रवारी आली आन् आख्खा पेपर तोंडपाठ म्हनून दाखवला — पयले साल, महिना, वार, मंग तीन शबूद ध्यानात ठिवायचे, पेरू, कंदील, टोपली, मंग शंभरातनं सात-सात कमी करत जायाचं, तवर ते तीन शबूद इसरायला व्हत्यात, मंग ती गुपचूप इचारती का काय व्हतं ओ ते तीन. त्या ननंदेला स्वोताला किती पडले ठावं हाय का? सव्वीस! आन् तिच्या पेपरवर आमी एकोनतीस! लय रागावली. अजून हळदीकुंकवाला येत नाय.

मंग काय, चार दिस वस्तीत शाळाच. त्या जांभळीखाली झेंडू निवडायला बसायचं आन् एकसुरात म्हनायचं — शंभरातनं सात गेले त्र्यान्नव गं बाई, त्र्यान्नवातनं सात गेले शहाऐंशी गं बाई, एकोनऐंशी, बाहत्तर, पासष्ट! वजाबाकी कोन करतंय, आमी तं ओवी केली तिची. बयाबाईला पैशाचा हिशेब येत नाय, पन ती ओवी ती झोपंतबी म्हनती, तिच्या सुनेनं सांगितलं. परिक्षेतलं ते कागदाचं मातर आमाला पटलं नाय. उजव्या हातात घ्या, मधोमध घडी घाला, आन् भुईवर टाका. भुईवर कशाला टाकायचा कागद? विद्या हाय ती, पाय लागला तं? तरी टाकला. मार्कासाठी टाकला, मंग पाया पडलो. आन् ते भाज्यांचं मातर आमचं सोताचं हां! मिनिटात आठवत्याल तेवढ्या भाज्या सांगा, म्हनली. गोटीराम अठ्ठावीस बोलला, ती म्हनली बस्स झालं बाबा, तर तो म्हनतो थांबा ताई, अजून पालेभाज्या राहिल्या. ते तरी ठिवा तुमच्या वहीत. ते अस्सल हाय.

का केलं म्हंजी? भ्या वाटलं म्हनून केलं. वस्तीत उठलं व्हतं का ह्या परिक्षेत जो नापास, त्याचा अंगठा पुढं चालायचा नाय. सातबाऱ्यावरनं नाव काढत्यात, पोराच्या नावानं चढतं. खोटं हाय? आता सांगता! तवा कोन सांगत व्हतं? — मला तेचं भ्या नव्हतं म्हना. माझं नाव सातबाऱ्यावर हायच कुठं.

माझं भ्या येगळं व्हतं.

ह्यांचं. आमच्या ह्यांचं. नाव तुमच्या कागदावर हाय, मी कशी घेऊ — हां, तेच, धोंडीराम, वाचलं ना तुमी, झालं. त्यांना बी एकोनतीसच. तो बघा, देव्हाऱ्याच्या बाजूला टांगलाय कागद, शिक्का बी हाय दवाखान्याचा, मी मुद्दाम नाशकात जाऊन त्याच्यावर ते पलास्टिक चढवून आनलं. त्याला हळदकुंकू लागलंय ते सोडा, दसऱ्याला सारं पुजतो, त्यात तो बी पुजला.

हसता काय? त्या कागदानं मानूस घरात राह्यलाय माझा. आमचा सोमा, पोरगा, तो एकलहऱ्याला वीज केंद्रात हाय, तिसऱ्या मजल्यावर क्वाटर हाय त्याला. तो म्हनला, दादांचं डोकं चालंना, मी त्यांना घेऊन जातो, तू बी चल. आता हे मानूस तिसऱ्या मजल्यावर काय करंल? पहाटं उठलं का पयले मातीत पाय पायजे, मंग तोंड धुनार. तिथं काय, फरशीवर पाय ठिवनार आन् चिमनीचा धूर बघनार? आन् सोमाचं बी चुकलं नव्हतं म्हना, निमित्तच तसं झालं व्हतं. परिक्षेच्या आधीचा दसरा. हे दोन पाट्या झेंडू घेऊन फुलबाजारात गेले, यापाऱ्याला दिल्या, च्या पिला, जरा हिंडले, आन् परत त्याच यापाऱ्याकडं जाऊन — आपल्याच दोन्ही पाट्या इकत घेऊन आले! इतकं खूस मानूस! वट्यावर पाट्या ठिवल्या आन् म्हनले, विमल, काय झेंडू हाय बघ, असा माल आपल्याकडं कधी पिकायचा? मी बघितलं तं पाटीला माझाच फडका बांधलेला. काय बोलू? म्हनलं, लय चांगला हाय, कोन्या शान्यानं पिकवलाय कोन जाने. आन् दोघं हसलो. त्यांना वाटलं मी फुलांवर हसले.

म्हनून शिकवलं ताई. रोज पहाटं फुलं तोडताना, ते त्या सरीत, मी ह्या सरीत. म्हना पेरू. म्हना कंदील. म्हना टोपली. इसरायचे. मी म्हनायचे, पेरू खायाला बसलो, अंधार पडला तं कंदील लावला, उरलेलं पेरू टोपलीत टाकलं. असं केलं का ध्यानात राह्यचं. परिक्षेच्या दिशी मी दाराआड उभी, हातात टोपली धरून. नुसती उभी! टोपली घेऊन उभं राहू नये असं कुठं लिव्हलंय? आन् एकोनतीस पडले. सोमाच्या हातात कागद दिला, त्यानं दोनदा वाचला. म्हनला, दादांना तं माझ्याहून जास्ती येतं.

आता? आता कसं हाय म्हंजी — आता बरं हाय. — बरं नाय. तुमी लिव्हत नाय ना? पेन खालीच राहू द्या. सदऱ्यावर सदरा घालत्यात. कालव्याच्या पुलावर जाऊन उभे राहत्यात, हिकडं जायाचं का तिकडं, ते कळंना. पाय गार पडत्यात, मुंग्या येत्यात म्हनत्यात. परवा मी भाकर वाढली, तं माझ्याकडं बघून म्हनले, बाई, तुमी कोनाच्या? मी म्हनलं, तुमचीच. तं म्हनले, बरं झालं, भाकर चांगली करता. — हसा, हसा, मी बी हसले व्हते. मंग गोठ्यात जाऊन रडले.

काय? रक्तात? मुंग्यांचं आन् इसरायचं एकच कारन असू शकतं? जीवनसत्त्व — कसलं, कमी पडलं तं? आन् गळ्यातल्या त्या थायराडच्या गाठीनं बी व्हतं कधी कधी? म्हंजी म्हातारपनच नाय निस्तं? इंजेक्शन असतं? समद्यांचं नाय, पन काहींचं सुधारतं — मंग मागल्या साली कोनी का नाय सांगितलं? ती पोरगी तं म्हनत व्हती ज्याला मार्क कमी पडत्याल, त्याला आमी दवाखान्यात नेऊन फुकट रक्त तपासू —

ज्याला कमी पडत्याल त्याला.

आगं आई गं. म्हंजी मीच. मीच की. वरीसभर कागद पुजत बसले. ताई, तुमी मला काय बी म्हना, माझी सासू बरोबर व्हती. साळूला लसून इकायचाय, तिला इकू द्या, पन माझं लिव्हा. घ्या तो पेन. लिव्हा, समदं खोटं, अकराच्या अकरा खोटं, मोठ्या डॉक्टरांना सांगा ह्या वस्तीत कोनी हुशार नाय, तो कागद बी घेऊन जा हळदकुंकवासकट. आन् आत्ताच्या आत्ता ह्यांची परिक्षा घ्या. नवीन शबूद घ्या, पेपर बदला. मला सांगू नका, मला कळलं तं मी ऱ्हानार नाय, माझा जीव मला ठावं हाय. — आवं! आवं, ऐकलं का? ती पाटी ठिवा आन् हिकडं या. या. ह्या ताई हायेत, दवाखान्यातनं आल्या. बसा. मधी नका बसू, कडंला. त्या काय इचारत्याल ते सांगा. येईल तेवढं सांगा. नाय आलं तं नाय म्हना, नापास झालं तं चांगलंच हाय, घाबरू नका —

आवं, ताईंनी अजून तोंड बी उघडलं नाय, आन् तुमी सुरू! पेरू, कंदील, टोपली — ते मागल्या सालचं झालं! ताई, हसू नका. एक वरीस झालं, कोनी इचारलं नाय, तरी राह्यलंय बघा. माझं नाव राह्यलं नाय, पन ते राह्यलं. ह्याला तुमच्यात मार्क हाय का? नाय? अर्धा बी नाय? बरं. इचारा तुमचं. मी बोलत नाय. हा बघा, तोंडाला पदर लावला.

माझ्याकडं काय बघता? तिकडं बघा, ताईंकडं. मला नाय येत. खरंच नाय येत ओ ह्या बारी — टोपली नाय माझ्या हातात, हे बघा, दोन्ही हात मोकळे हायेत. तुमचं तुमी सांगा.